पसाभर मीठ

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे आणि स्वभावाने भित्री आहे. चिनी मातीच्या भांड्याने भिऊ नये, तर कोणी भ्यावं? आमच्यातली धीट भांडी फार दिवस टिकत नाहीत.

माझा जन्म सौराष्ट्रातल्या थानगढच्या भट्टीत झाला. वरून तपकिरी, खाली पांढरट असं माझं रूप. भट्टीतून बाहेर आले, त्याच दिवशी शेजारची बरणी माझ्यादेखत तडकली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. पुढे बडोद्याला मांडवीजवळच्या दुकानात स्नेहलताबाईंनी मला बोटाने वाजवून पाहिलं आणि वाडीतल्या आपल्या घरी नेलं. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. कितीतरी वर्षं मी त्यांचं कैरीचं लोणचं सांभाळलं. कोरडे हात, वर मिठाचा थर आणि तोंडाला फडकं, असा त्यांचा कडक नेम होता. त्यांच्या लोणच्याला कधी बुरशी आली नाही. कोणी कौतुक केलं की त्या म्हणायच्या, "बरणी चांगली आहे हो, माझं काय त्यात!" मी आतल्या आत फुलून जायची.

मग घर बडोद्यातच वासण्याला हललं. टेम्पोत माझी पाठ शिलाई मशिनवर आपटली आणि तिथे केसाएवढी चीर गेली. ती कोणाला दिसली नाही. चीर गेलेल्या बरणीचं काय होतं, ते मला ठाऊक होतं. तेव्हापासून कोणी जवळ आलं की माझा जीव अर्धा होई. त्यातच लोणचं बाजारातून येऊ लागलं आणि मी माळ्यावर गेले.

मला खाली काढलं ते पूर्णिमाने. ती स्नेहलताबाईंची सून, गोरव्याच्या एका कारखान्यात हिशेब बघते. परसात तिने चार कोंबड्या पाळल्या होत्या. बाजरी आणि मक्याचा भरडा पाण्यात बुडवून ती माझ्यात ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ ढवळायची. दोन-तीन दिवसांत बुडबुडे यायचे आणि ताकासारखा आंबूस वास सुटायचा. असं आंबवलेलं खाणं कोंबड्यांना चांगलं पचतं. माझ्या चिरेतून थोडी ओल झिरपायची, पण ती भिंतीकडच्या बाजूला वाळून जाई. पुन्हा कामाला आले म्हणून मला आनंद झाला आणि त्यापेक्षा जास्त धास्ती वाटली.

चौघींत ढमी सगळ्यांत लहान. ती स्नेहलताबाईंच्या पायांत पायांत करी. पूर्वी कोंबड्यांना नाक मुरडणाऱ्या बाई आता तिला मांडीवर घेऊन चहा पीत.

एकदा शेजारच्या कोमलबेन भिंतीवरून ढमीला गाठिया टाकत होत्या. पूर्णिमा धावत गेली. "कोमलबेन, गाठिया नका टाकू हं. मीठ जास्त झालं तर यांच्या जिवावर बेततं."

"एवढ्याने काय थाय?" कोमलबेन म्हणाल्या, पण त्यांनी हात मागे घेतला. स्नेहलताबाई तेव्हा देवळात गेल्या होत्या. हे बोलणं त्यांच्या कानावर गेलं नाही. माझ्या मात्र गेलं.

पुढच्या आठवड्यात आंबवणावर बुरशी आली. पूर्णिमाने ते सगळं फेकून दिलं. "माझ्या बरणीत बुरशी!" हे स्नेहलताबाईंना फार लागलं. त्यात पूर्णिमाच्या कारखान्यात काम वाढलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू जा ने. मला फावेल, मी करते आंबवण."

त्यांनी मला घासलं, उन्हात वाळवलं, दाणे आणि पाणी घातलं. सगळं अगदी नीट केलं. मग दोन्ही हातांचा पसा भरून मीठ घेतलं आणि वर पसरलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं. पण बरणीला तोंड असतं ते फक्त भरण्यासाठी. ते मीठ हळूहळू विरघळत खाली उतरलं. जन्मभर ज्या मिठाने माझं नाव राखलं, त्याचीच मला आता दहशत बसली. ढमी येऊन माझ्या बुडाशी माती उकरायची, अंगाला अंग घासायची, आणि मी तिचं मरण पोटात घेऊन उभी. बाई रोज प्रेमाने ढवळत होत्या. वास घेऊन म्हणत होत्या, "बुरशीचं नाव नाही." बुडबुडे आले नाहीत, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

रविवारची सकाळ आली. बाईंनी परात मांडली, खुराड्याचं दार उघडलं. चौघी धावत आल्या, ढमी सगळ्यांच्या पुढे. मला वाटलं, आपण आत्ता, इथेच फुटून जावं.

"पूर्णिमा, बरणी जरा पुढे ओढ. माझी कंबर धरलीय."

पूर्णिमाने मला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि ती थबकली. माझ्या पाठीवर तिला काही खरखरीत लागलं होतं. तिने मला वळवलं. चिरेच्या कडेने वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ उमटली होती. तिने नखाने खरवडलं, बोट जिभेला लावलं.

"आई, यात मीठ घातलंत?"

"हो. पसाभर. लोणच्याला नाही का घालत? वांधा नाही, बुरशी अजिबात आली नाही."

पूर्णिमाने आधी परात उचलली, मग म्हणाली, "आई, मीठ यांना विषासारखं आहे. एकही वाचली नसती."

स्नेहलताबाई पायरीवर बसल्या. ढमी त्यांच्या मांडीवर चढली. त्यांनी तिला हात लावला नाही, नुसता पदर तोंडाला लावला.

चीर उघडी पडली. आता आपण कचऱ्यात जाणार, म्हणून मी वाट पाहत राहिले. "गळकी आहे. टाकू या का?" पूर्णिमाने विचारलंसुद्धा. बाई म्हणाल्या, "नको. तिला माझ्याआधी कळलं होतं."

मित्रांनो, मुक्या जिवाला प्रेमाने काही भरवाल, तर त्याला काय चालतं ते आधी विचारा. आणि तडा गेलेलं भांडं फेकण्याआधी ते एकदा फिरवून पाहा.

आंबवण आता दुसऱ्या भांड्यात होतं. माझ्यात कोरडी बाजरी असते. भीती माझी गेलेली नाही. पण स्नेहलताबाई रोज सकाळी चिमूटभर दाणे आधी आपल्या तोंडात टाकतात, सावकाश चावतात, आणि मगच ढमीला हाक मारतात.