मेहंदीखालचा तीळ

सौदामिनीला आपल्या अंगावरचा तीळ अन् तीळ ठाऊक होता. मावसबहीण एका काळ्या डागाच्या कॅन्सरपायी गेली, तेव्हापासून दर महिन्याला न्हाणीचं दार लावून ती आरशासमोर उभी राहायची. मानेवरचा, कोपरावरचा, बेंबीजवळचा. देवघरातले देव पुसावेत तसं एकेकाला मायेनं, भयानं निरखायची. पाठीसाठी दुसरा आरसा धरायची. त्यातच खांद्यामागचा एक तिच्या डोळ्यांत भरला. खरबरीत, फुगलेला. त्यानं तिची झोप खाल्ली.

"मोठा होऊन राहिलाय हो," ती नवऱ्याला म्हणायची.

"तो काय वेलावरचा भोपळा हाय का?" आलोक हसायचा. पण शेवटी तोच तिला लातूरहून नांदेडला, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन आला.

डॉक्टरीणबाईंनी खांद्याला भिंग लावलं अन् लगेच काढलं. "हा तीळच नव्हे, ताई. मस आहे. वयानं उगवतात. याचं काही भय नाही."

सौदामिनीच्या छातीवरचा धोंडा उतरला. आलोक उठलाच. "चल, आता माहूर करू. आईचं दर्शन घेऊ अन् मग घर."

"थांबा. तळपाय दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तळपायाला काय बघायचंय?" म्हणत तिनं हसतच चपला काढल्या.

दोन्ही तळवे लालभडक होते. उन्हाळा लागला की अंगातली उष्णता ओढून घ्यायला ती अन् शेजारची सबिहा एकमेकींच्या तळव्यांना मेहंदी थापायच्या. रंग फिका पडला की पुन्हा थापायच्या.

डॉक्टरीणबाईंचा हात टाचेपाशी थांबला. भिंग बराच वेळ तिथंच राहिलं. लाल रंगाखाली एक काळपट डाग पसरला होता. कडा फाटक्या पानासारख्या, एका अंगाला निळसर झाक.

"हा कधीपासूनचा?"

"तो व्हय? तो लग्नाआधीचा. सासूबाई म्हणाल्या होत्या, तळपायाला तीळ म्हणजे लक्ष्मीच चालत आली. शुभाचा हाय तो."

"एवढाच होता?"

सौदामिनीनं पाय वळवून डाग निरखला. अंगावरचे सगळे तीळ तिनं भयानं तपासले होते. याला तेवढं भाग्यात धरलं अन् सोडून दिलं.

"मला दिसला होता," आलोक भिंतीकडं बघत म्हणाला. "तू झोपली होतीस. रुपयाएवढा. मला वाटलं, मेहंदी तिथं गडद बसली."

"अन् बोलला न्हाईत?"

"तू तर सगळं बघतीस ना गं..."

तपासणीच्या खाटेच्या लोखंडी पायरीवर टेकलेली टाच तिनं चटका बसल्यासारखी उचलली. आता हा पाय ठेवायचा तरी कुठं?

"आपल्या लोकांत हा आजार बहुतेक तळपायाला, नखाखालीच दडतो," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तपासणीशिवाय मी त्याचं नाव घेणार नाही. पण तुकडा आजच काढू. पायातलं वर पसरलं, तर आधी जांघेत गाठ येते. ताई, तिथं कधी गाठ लागली हाताला?"

"नाही," सौदामिनी सवयीच्या ठामपणानं म्हणाली. अन् तो शब्द तिचा तिलाच परका वाटला. आपले डोळे, आपली बोटं, सगळी साक्ष एका क्षणात खोटी पडली होती.

"नाही म्हणजे... मला काय ठाऊक?" तिचा आवाज चिरकला. "तुम्हीच बघा, बाई."

ती आडवी झाली. डॉक्टरीणबाईंची बोटं चाचपत वर सरकू लागली, अन् छताकडं बघत सौदामिनी त्या बोटांच्या थांबण्याला भीत राहिली.