टोमॅटोच्या डोळ्याची बाई

डोळ्यांच्या दवाखान्यात शिकायला आलेल्या त्या नव्या डॉक्टरणीचा हात थरथरायचा. मोतीबिंदू काढताना डोळ्यातल्या भिंगावरचं पातळ आवरण गोल सोलावं लागतं. मोठ्या सरांनी बजावलं होतं, की सलग वीस टोमॅटोंच्या सालीचा गोल न फाटता निघेपर्यंत खऱ्या डोळ्याला हात लावायचा नाही. सरावाचं यंत्र दवाखान्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून तिने मावशीच्या पार्लरमधलं केसांचा टोप ठेवायचं नकली डोकं मागून आणलं, डोळ्याच्या जागी खड्डा कोरला, त्यात छोटा टोमॅटो बसवला आणि वर नळाच्या पाइपाला मोबाइल बांधला. झाली दुर्बीण तयार.

पण अकरा दिवस झाले तरी गाडी सहाच्या पुढे जाईना. सातव्या टोमॅटोची साल हमखास टर्रकन फाटायची.

एका दुपारी टोमॅटो संपले. त्या नकली डोक्यावर शस्त्रक्रियेचं, डोळ्यापुरतं भोक असलेलं हिरवं कापड तसंच ठेवून ती ते आणायला बाहेर पडली. खरं वाटावं म्हणून अंगाच्या जागी तिने दोन उशाही घातल्या होत्या. तेवढ्यात तिचे बाबा डबा घेऊन आले. बाबा शिंपी, आणि तोंडाला विश्रांती नाही. टेबलावर बाई निजलेली बघून त्यांनी तिला धीर दिला. मुलगी हुशार आहे म्हणाले. मग राहवेना म्हणून हेही सांगितलं, की लहानपणी बटण लावताना तिने अंगातला फ्रॉक उशीच्या अभ्र्याला शिवून टाकला होता. बाई गप्पच. बाबांनी हळूच वाकून कापडाच्या भोकातून पाहिलं. आत नुसता लाल चेंदामेंदा.

ते तडक सरांच्या खोलीत शिरले.

"सर, माझ्या मुलीने त्या बाईचा डोळा काढला हो. पण मुद्दाम नाही."

सर धावले, मागून दोन नर्स, आणि दारात टोमॅटोची पिशवी घेतलेली लेक. कापड उचललं गेलं. बाबा खुर्चीत बसले. मग त्यांनी पाणी मागितलं, आणि पाठोपाठ लेकीचा साल सोलायचा चिमटा.

पहिल्याच टोमॅटोच्या सालीचा गोल त्यांनी न फाटता काढला, बांगडीसारखा. सरांनी तो मोबाइलमध्ये दोनदा पाहिला. लेकीला रडावं की हसावं कळेना.

"तू हात अधांतरी धरतेस," बाबा म्हणाले. "करंगळी तिच्या कपाळावर टेकव. ती बिचारी काही बोलणार नाही."

तिसऱ्या दिवशी वीस झाले. सरांनी बाबांना दर गुरुवारी बोलवायला सुरुवात केली. ते नव्या डॉक्टरांकडून शर्टाची काजं करून घेतात आणि वाकडं झालं की उसवायला लावतात.

महिन्याभराने तिने पहिली खरी शस्त्रक्रिया केली, सरांना शेजारी उभं करून. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर म्हाताऱ्या आजीबाई छताकडे एकटक बघत राहिल्या. डॉक्टरणीचा जीव टांगणीला.

"त्या कोपऱ्यात जळमट आहे," आजीबाई म्हणाल्या. "केवढं मोठं!"

नर्सचा चेहरा उतरला. डॉक्टरणीने मात्र आजीबाईंचे दोन्ही हात धरले आणि आणखी कुठे दिसतंय का, असं विचारलं.