सर्वानुमते

शिंदखेड्याकडच्या तापीकाठच्या त्या गावात ख्रिस्ती मंडळीचा नियम पक्का होता. बाप्तिस्मा हवा असेल त्यानं आधी सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, पोटातलं काही लपवायचं नाही. मग सभासदांनी हात वर करून ठरवायचं, याला घ्यायचं की नाही. घेतलं तर नदीत बुडी आणि प्रभुभोजनाच्या भाकरीत वाटा. लोटनला तो वाटा हवा होता. त्याची आई सभासद होती, मरेपर्यंत म्हणत होती, "मना पोऱ्या मना ताटमा खाई." तिला ते पाहायला मिळालं नाही.

१९३१च्या त्या रविवारी मंडळीच्या देवळात साक्षीला दोघे उभे होते, झिपरू आणि लोटन.

झिपरूनं सांगितलं, "मी दारू पेत व्हतू. बायकोना हात मोडा." त्याची बायको बेबाबाई बायकांच्या बाजूला बसली होती. ती जुनी सभासद, आणि तिचा उजवा हात कोपरात वाकडाच राहिला होता. पाळक सुकदेवआबांचे डोळे पाणावले. त्यांनी झिपरूला छातीशी धरलं, सगळे हात वर गेले. बेबाबाईनंही डावा हात उचलला. काय करणार बिचारी!

मग लोटन. एकोणीस वर्षांचा, मिशनच्या शाळेत शिकलेला, आणि खुळा इतका की 'काही लपवू नका' हे त्यानं खरंच मानलं.

"मी भुईमुगाच्या शेंगा चोऱ्या," तो म्हणाला. लोक हसले. "आनी मना जीव एका पोऱ्यावर शे. नवराना बायकोवर ऱ्हास तसा."

हसणं जागीच थांबलं. पुरुषांच्या रांगेत जीवराम बसला होता. लहानपणापासून एका चटईवर बसून, एकाच गीतपुस्तकातून लोटनबरोबर गायलेला. त्यानं मान खाली घातली.

"कोण पोरगा?" सुकदेवआबांनी विचारलं. "नाव सांग, हे पाप म्हणून टाकून दे. मंडळी तुला आजच घेईल."

"शेंगा चोऱ्या ते पाप, आबा. याले पाप म्हनानं मना तोंडे येत नही. आनी नाव सांगानं मना एकलाना हातमा नही."

आता पाहा या मंडळीचा न्याय! बायकोचा हात मोडणारा छातीशी, आणि कुणाच्या केसालाही धक्का न लावणारा पोर दाराबाहेर. आबा म्हणाले, "याला घेऊ नये असं वाटतं त्यांनी हात वर करा." पहिला हात जीवरामचा होता. घाबरला होता, हे लोटनला कळलं.

भराभर हात वर गेले. एक राहिला.

"बेबाबाई?"

"मना उजवा हात वर व्हस नही, आबा. कोनी मोडा ते आतेच आयकं तुमी." ती उठून उभी राहिली. "डावा धड शे. पन तो मी उचलाव नही."

झिपरू खेकसला. आबांनी त्याला गप्प केलं, बाईकडे बघितलंही नाही, आणि नोंदवहीत लिहिलं: लोटन यास सर्वानुमते नाकारले.

लोटननं ते वाचलं. "सर्वानुमते नही, आबा! एक हात ऱ्हायना. खोटं का लिखतस?"

"एका बाईनं काय फरक पडतो?" म्हणत आबा उठले. वही तशीच मेजावर उघडी राहिली. झिपरूला पुढे घालून मंडळी गात गात तापीवर गेली. जीवराम सगळ्यांत मागून गेला. मागे वळला नाही.

देवळात दोघंच उरली. लोटन भिंतीला टेकून रडत होता. बेबाबाई मेजापाशी गेली, अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, "मना नाव कसं लिखतस रे?"

लोटननं डोळे पुसले. दौतीत टाक बुडवून 'सर्वानुमते'वर काट मारली. मग टाक तिच्या डाव्या हातात दिला, वर आपला हात ठेवला. नदीवरून गाणं ऐकू येत होतं. तिथे झिपरू पाण्यातून वर आला असेल. इथे वाकड्यातिकड्या अक्षरांत, बऱ्याच वेळानं, लिहून झालं: बेबाबाई. नाही.