मूळ पावती

किल्ल्या बनवणाऱ्यानं कुणावर विश्वास ठेवू नये असं कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण डबलकुलूपनं ते स्वतःपुरतं मनावर कोरून घेतलं होतं. गल्ली त्याला याच नावानं ओळखायची, कारण दुकान बंद करताना तो एका कडीला दोन कुलपं लावायचा आणि दहा पावलं जाऊन परत येऊन दोन्ही ओढून बघायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. हा आपला पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

अशा माणसाकडे लेकीनं गेल्या गुरुवारी कॉलेजच्या फीची मूळ पावती मागितली.

"कशाला?"

"फेरतपासणीत माझे मार्क वाढले, बाबा. आता औषधशास्त्राला प्रवेश मिळतोय. आधीच्या कोर्सला भरलेली फी तिकडे वळती करतात, वर काही भरावं लागत नाही. फक्त मूळ पावती जमा करायची आणि पालकांची सही. पुढच्या शुक्रवारी चारपर्यंत. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल."

'वर काही भरावं लागत नाही' म्हटल्याबरोबर त्याचे कान टवकारले. तिनं पैसे मागितले असते तर थोडी कुरकुर करून त्यानं ते दिले असते. पण कॉलेज, आणि एकदा गिळलेलं सोडणार? पाणी कुठंतरी मुरत होतं.

"मार्क किती वाढले?"

"रसायनशास्त्रात अठ्ठावन्नचे एक्क्याऐंशी झाले. माझी पुरवणी तपासायचीच राहिली होती."

तेवीस मार्क. त्यानं नवी गुणपत्रिका खिडकीशी नेऊन उजेडात धरली, आकडा नखानं खरवडून पाहिला. काहीच निघालं नाही, त्यामुळं संशय आणखी वाढला. खोटं काम किती सफाईनं करता येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं आणि कुणाच्यातरी भाच्याची गोष्ट सांगून गेलं. भाच्यानं म्हणे मूळ पावती दाखवून कॉलेजातून फी परत काढली, मोटारसायकल घेतली आणि जो गेला तो गेलाच. त्या दिवसापासून डबलकुलूप लेकीवर डोळा ठेवून होता. तो खोलीत आला की ती फोन ठेवायची. कोण होतं विचारलं तर म्हणायची, मैत्रीण. मैत्रिणीशी इतकं हळू कोण बोलतं?

रोज सकाळी ती विचारायची, "बाबा, पावती?" आणि तो म्हणायचा, "बघू."

"अहो, पोरगी पावती मागतेय," बायको एकदा वैतागून म्हणाली, "तुमची किडनी नाही."

"किडन्या दोन असतात. पावती एकच आहे."

पावती आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती. त्या कपाटाचं कुलूप त्यानं स्वतः घडवलेलं होतं आणि त्याची एकुलती एक किल्ली त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याला असायची, अंघोळीच्या वेळीसुद्धा. दर रविवारी तो कपाट उघडून आतली एकेक वस्तू मोजायचा.

शुक्रवारी दुपारी तो उठला. "मीच जातो कॉलेजात. काय ते बघतो."

"मी येते ना बरोबर."

"तू घरीच थांब." ही आणि खिडकीवरचं माणूस मिळालेले असले तर डोळ्यांनी खुणा करतील, हा त्याचा हिशोब. लेकीनं बापाकडे पाहिलं. घातलेल्या चपला तिनं पुन्हा काढून ठेवल्या.

बसनं चाळीस मिनिटं लागली. फीच्या खिडकीमागे दोरीचा चष्मा लावलेली कारकून बाई बसली होती. रांगेत त्याच्या पुढं एक आई होती. बाईंनी तिची जुनी पावती घेतली, अर्जाला टाचली, शिक्का मारला आणि नव्या कोर्सची नवी पावती हातात दिली. आईनं एक पैसाही काढला नाही. डबलकुलूपनं मान वाकडी करून सगळं नीट पाहिलं. खुणाबिणा काही नव्हत्या. लेक खरं बोलत होती.

त्यानं अर्ज, गुणपत्रिका आणि पावती पुढं सरकवली.

"ही झेरॉक्स आहे," बाई म्हणाल्या. "मूळ कुठाय?"

"घरी. कपाटात. बसमध्ये पाकीटमार असतात."

"चार वाजता यादी वर जाते, काका. मग माझ्या हातात काही नाही."

घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. जाऊन यायला ऐंशी मिनिटं. किल्ली गळ्यात. आणि ते कुलूप फोडायला तासभर तरी लागेल, हे तोच छातीठोकपणे गिऱ्हाइकांना सांगत आला होता. पोरीच्या आयुष्यावर आपणच टाळं ठोकलं, असं त्याला वाटलं. त्यानं घरी फोन लावला.

"कपाट फोड. माझ्या पेटीत मोठी छिन्नी आहे. शेजाऱ्यांना बोलाव."

पलीकडून लेक म्हणाली, "फोडायला नको. मी आलेच," आणि फोन ठेवला.

चारला दहा मिनिटं कमी असताना ती धापा टाकत आली. हातात मूळ पावती होती.

"उघडलंस कसं?"

"तुम्ही ते कुलूप बनवत होता तेव्हा मी शेजारी बसून बघत होते की. केसातल्या पिनेनं उघडतं. येताना परत लावून आले."

"कधीपासून येतंय तुला?"

"सातवीपासून."

म्हणजे सहा वर्षं. त्याच्या डोक्यात सवयीनं कपाटातल्या वस्तू सरसर फिरल्या: बायकोच्या बांगड्या, घराचे कागद, नोटांचं पाकीट. सहा वर्षांतल्या एकाही रविवारी काही कमी भरलं नव्हतं. हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं मानलं नसतं, पण मोजणारा तोच होता.

"मग आठ दिवस मागत का बसलीस? काढून घ्यायचीस."

"तुम्ही द्याल असं वाटलं होतं," ती म्हणाली आणि पावती खिडकीत सरकवली.

पालकांच्या रकान्यात सही करताना त्याचं पहिलं अक्षर चुकलं. त्यानं ते गिरवून घेतलं. बाईंनी शिक्का मारून नवी पावती पुढं केली. त्याचा हात सवयीनं आतल्या खिशाकडे गेला, तिथून परत आला. पावती त्यानं लेकीला दिली.

ती तिनं पिशवीच्या कुठल्या कप्प्यात ठेवली, हे त्यानं पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण विचारलं नाही.