सत्तावीसचं ताट

बुधवारी सकाळी सव्वाअकरा वाजता पाळणाघराच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद चिकटवला गेला. पुढच्या एक तारखेपासून संस्थेच्या सातही स्वयंपाकघरांत मुलाच्या ताटामागे सत्तावीस रुपये एवढाच खर्च मंजूर होईल, असं त्यावर लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी दिलेली चार रुपयांची तात्पुरती वाढ रद्द.

कागद चिकटवून पर्यवेक्षक बाई आत आल्या. मावशी डाळ घोटत होत्या.

"मावशी, हे तुमच्यामुळे झालं बरं का," बाई म्हणाल्या. "कार्यालयातले साहेब म्हणाले, एका पाळणाघरात भागतं तर बाकीच्या सहांत का नाही?"

मावशींचा हात थांबला नाही. त्या इथल्या मुख्य स्वयंपाकीण, वय त्रेपन्न, नोकरी एकोणीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तेल आणि डाळ महागली तेव्हा बाकीच्या सहा जणींनी अर्ज करून सत्तावीसचे एकतीस करून घेतले होते. मावशींनी अर्ज केला नव्हता. त्यांच्या रोजच्या तक्त्यावर भात, डाळ, पालेभाजी, एक फळ आणि आठवड्यातून तीन दिवस अंडं एवढं असायचं. बेरीज सत्तावीसच्या आत.

"शुक्रवारी दहाला मुख्य कार्यालयात या. सगळ्या जणींसमोर करून दाखवायचं. अंड्याच्या दिवसाचं ताट."

"येते. सामान मी आणते, मला माझा बाजार ठाऊक आहे."

"छे, सामान कार्यालय देईल, पावतीसकट. तुम्ही फक्त हात चालवा."

बाई गेल्या. डाळ घोटून कधीच झाली होती. मावशी आणखी थोडा वेळ घोटत राहिल्या.

तक्त्याचा नियम साधा होता. पावती असलेलीच वस्तू लिहायची. मावशींची अंडी ठोक बाजारातल्या एका अंडेवाल्याकडून यायची. वाहतुकीत तडा गेलेल्या अंड्यांचा ट्रे तो निम्म्या भावात द्यायचा, सकाळी सहाच्या आत, रोखीने, पावतीशिवाय. पावती नाही म्हणून तक्त्यात खर्च नाही. पण ताटात अंडं होतं, म्हणून पदार्थांच्या रकान्यात अंडं होतं. पैसे मावशी स्वतःचे घालत. महिन्याला तेराशे, साडेदहा हजार पगारातून.

तडा गेलेलं अंडं मुलांना द्यायला संस्थेत मनाई होती. मावशींनी त्यावर आपली पद्धत बसवली होती. प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीत फोडायचं, वाटी नाकाशी न्यायची, वास चांगला असेल तरच मोठ्या भांड्यात ओतायचं. तिसातली दोन-तीन फेकली जात. उरलेली फेटून, ताटाला तेलाचा हात लावून, वाफवून, सुरीने सहा बाय आठ चौकोन पाडायचे. मुलं अठ्ठेचाळीस. दोन वर्षांत एकाही मुलाचं पोट बिघडलं नव्हतं.

सुरुवातीला विचार एवढाच होता की महागाई आहे म्हणून पोरांच्या ताटातलं अंडं जाऊ नये. पुढे पर्यवेक्षक बाई सभेत त्यांचं नाव घेऊ लागल्या, आणि ते मावशींना आवडू लागलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मावशींच्या घरी त्यांना कुणी मावशी म्हणत नसे. तिथे त्या थोरल्या होत्या. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. दोन खोल्यांत त्या, दीर, धाकटी जाऊ आणि जावेची दोन मुलं. चूल एक. ज्याचा त्याचा पगार एक तारखेला फडताळातल्या डब्यात पडायचा. दीर भाड्याचा टेम्पो चालवायचा, आठवड्यातले तीन-चार दिवस. धाकटी जाऊ त्याच संस्थेच्या पाचव्या पाळणाघरात स्वयंपाकीण होती. सात वर्षांपूर्वी थोरलीनेच तिला कामाला चिकटवलं होतं. तिच्या तक्त्यावर दर होता एकतीस.

बुधवारी संध्याकाळी धाकटीने संस्थेकडून आपल्याला आलेलं पत्र ताटाशेजारी ठेवलं. शुक्रवारी प्रात्यक्षिक संपल्यावर सत्तावीसच्या हमीवर सही करावी, अन्यथा एक तारखेपासून कामावर येऊ नये.

"सांगा ना ताई, कसं बसवता?" ती म्हणाली. "मी तीनदा मांडून बघितलं. अंडं काढलं तरच बसतं. अंडं काढलं तर पर्यवेक्षक बाई म्हणतात, तुझ्या जावेला जमतं, तुला का नाही."

"हात आखडता घ्यायचा. तेल मोजून."

"तेल मी चमच्याने घालते. आता काय, शिंपडू?"

दीर हसला. "अगं, वहिनी डोंगराची राई करतात. उद्या तुला वाळूचं तेल काढायला शिकवतील."

कुणी साथ दिली नाही, तेव्हा तो जेवणाकडे वळला. ताटात भात आणि पातळ आमटी होती. घरात अंडी रविवारी यायची, चार. जावेच्या मुलीचं शाळेत वजन केलं तेव्हा ते दोन किलो कमी भरलं होतं. शाळेने घरी चिठ्ठी पाठवली होती. दूध, अंडी, डाळी. चिठ्ठी डब्याखाली ठेवलेली होती.

गुरुवारी पहाटे साडेपाचला धाकटी स्वतः ठोक बाजारात गेली. कुठे काय स्वस्त मिळतं ते बघून सत्तावीस बसवायचेच, असं तिने ठरवलं होतं. तिसऱ्या गाळ्यावर तिने ट्रेचा भाव विचारला.

"चांगला दोनशेला. तडकलेला शंभरला."

"पावती?"

"शंभरच्या मालाला कसली पावती, ताई? पाळणाघरासाठी हवंय का? एक मावशी नेतात की. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पैसे रोख, तक्रार कधी नाही."

धाकटीने ट्रे घेतला नाही.

संध्याकाळी सहा वाजता दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या. दीर घरी नव्हता. मुलं बाहेरच्या खोलीत अभ्यासाला.

"तुमची भिशी कितीची आहे, जाऊबाई?" धाकटीने विचारलं. ती एरवी ताई म्हणायची.

थोरलीने मान वर केली नाही. दोन वर्षं ती डब्यात तेराशे कमी टाकत होती आणि भिशी म्हणून सांगत होती.

"तेराशे," थोरली म्हणाली.

"तिसऱ्या गाळ्यावर असते ना ती भिशी? ट्रेवर?"

थोरलीने देठ मोडला. जुडी बाजूला ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"ज्याला तुम्ही रोख देता त्यानेच. ताकाला जाऊन भांडं लपवलं तुम्ही. त्या अठ्ठेचाळीस जणांना अंडं, आणि आपल्या पोरीला आमटीचं पाणी."

"एवढा विचार नव्हता केला गं. वाटलं, माझी पदरमोड आहे, माझ्यापुरती."

"तुमचा पदर कुठे सुरू होतो आणि घराचा कुठे संपतो? डबा एकच आहे."

बाहेरून मुलगा पाढे म्हणत होता. सत्ताविसाचा नव्हता.

"सांगा त्यांना उद्या," धाकटी म्हणाली. "दर खोटा आहे म्हणून सांगा."

"सांगितलं की तडकलेली अंडी चारली म्हणून मला त्याच दिवशी काढतील. पोलिसात द्यायचं म्हटलं तर तेही देतील. आणि तू माझी जाऊ. तुलाही माहीत होतं असं धरतील."

"नाही सांगितलं तर माझी जातेच आहे."

"सही करून टाक. अंडी मी दाखवते तुला कशी निवडायची ती."

"म्हणजे मीही शंभर-शंभर घालू?" धाकटी थांबली. तिने बोटांवर मोजलं. "सव्वीसशे जातील दोघींचे. मग डब्यात काय टाकायचं? आणि आपलं झालं, बाकीच्या पाच जणींचं काय? पहिल्या पाळणाघरातली म्हातारी कुठून घालेल?"

 थोरलीने भाजी पाण्यात टाकली आणि पुन्हा पुन्हा खळबळली.

"अर्ज करायचा होता तेव्हा सहा जणींबरोबर सही केली असती तर काय बिघडलं असतं?" धाकटीने विचारलं. ते ती ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं थोरलीला वाटलं.

"माझं नाव घेत होते सभेत," ती म्हणाली.

 त्या रात्री मुलीला वाढताना दोघींनी एकाच वेळी डाव पुढे केला.

शुक्रवारी दहा वाजता मुख्य कार्यालयाच्या मागच्या खोलीत सहा स्वयंपाकिणी दोन बाकांवर बसल्या होत्या. धाकटी मागच्या बाकावर, भिंतीकडे. टेबलावर गॅस, पातेली आणि सामान. पर्यवेक्षक बाई उभ्या होत्या. हिशेबनीस फळ्यापाशी होता. प्रत्येक पावती वाचून तो फळ्यावर आकडा लिहायचा. तांदूळ, डाळ, भाजी, तेल, केळी, गॅस. सव्वादहापर्यंत ताटामागे सव्वीस रुपये ऐंशी पैसे झाले होते. खाली त्याने 'अंडी' एवढं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली. अंडी सगळ्यात शेवटी आली होती. ट्रे नवा होता, एकही अंडं तडकलेलं नव्हतं. पावती ट्रेखाली होती.

मावशींनी भात उतरवला, डाळीला फोडणी दिली. हात नेहमीसारखे चालत होते. पहिल्या पाळणाघरातल्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीने दोनदा मान डोलावली.

"आता बघा," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. "इथेच मावशींची खरी करामत आहे."

मावशींनी ताटाला तेल लावलं. छोटी वाटी घेतली. अंडं वाटीच्या काठावर आपटून फोडलं, आणि वाटी नाकाशी नेली.

ते ताजं अंडं होतं. वाटी खाली आणायला मावशींना थोडा उशीर झाला.

"मावशी, एक विचारू?" म्हातारी स्वयंपाकीण म्हणाली. ती चेष्टेने बोलत नव्हती, शिकायला आली होती. "ताजं अंडं आहे. हुंगता कशाला?"

पर्यवेक्षक बाई हसल्या. "सवय असेल. काय मावशी?"

मावशींनी वाटी टेबलावर ठेवली. मागच्या बाकावर धाकटी उठून उभी राहिली होती. तिच्या हातात सहीचं पत्र होतं, घडी न उघडलेलं. मावशींनी तिच्याकडे पाहिलं. 

दहा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. हिशेबनीसाने ट्रे उचलून खालची दोनशेची पावती काढली आणि खडू हातात घेतला.