राखणीचा खोकला

दगडोबाला क्षय झाला तेव्हा भावानं त्याला घराबाहेर काढलं आणि उत्तमरावांनी शेतातल्या माळ्यावर बसवलं. दोघांनीही आपापल्या परीनं सोय पाहिली. हट्टा गावाच्या शिवारात उत्तमरावांची ज्वारी हुरड्यात आली होती, चिमण्या-राघूंनी कणसं सोलायला घेतली होती आणि राखणीला माणूस मिळत नव्हता. दगडोबाला राहायला जागा मिळत नव्हती. मेळ बसला. साल छत्तीस, महिना पौष.

गावात ख्रिस्ती असा तो एकटाच. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलायचं निघालं, तेव्हा पाद्रीसाहेब म्हणाले, पेत्र म्हणजे दगडच, तुझं आधीच झालेलं आहे. तेवढी तकलीफ वाचली. साहेब दोन महिन्यांतून एकदा सायकलवर येत. मागल्या खेपेला माळ्याखाली उभं राहून ते म्हणाले, "दगडोबा, प्रभू कुणालाही बिनकामाचा ठेवत नाही. तुला ठेवलंय, म्हणजे काहीतरी काम असणार." आणि सायकलवर टांग टाकून गेले. काम कोणतं, ते सांगायचं राहून गेलं.

दगडोबानं शोधून पाहिलं. उपदेश करावा तर वीस पावलांच्या आत कुणी येत नव्हतं. गाणं म्हणावं तर दुसऱ्या ओळीला रक्त पडे. गोफण फिरवली तर दगड जागेवर राही आणि तो स्वतःच माळ्यावरून खाली येई. मग तो रोज वर बघून म्हणू लागला, "काम सांगा, न्हाईतर बोलावून घ्या." आठवडाभर उत्तर आलं नाही. एवढा मोठा कारभार, एखादं नाव राहतंच, असं त्यानं समजून घेतलं आणि जेवण सोडलं.

पण उपाशी राहून मरणं पाप, हे साहेबांनी स्पष्ट सांगून ठेवलेलं. त्यावर त्यानं दोन दिवस विचार करून वाट काढली. रोज दुपारी त्याची थोरली बहीण धुरपताबाई एक भाकर आणून बांधावरच्या दगडावर ठेवी. ती गेली की दगडोबा भाकर घेऊन शिवेवरच्या बाभळीखाली जाई आणि कुस्करून पाखरांना घाली. भुकेल्याला अन्न देणं तर पुण्य. त्या पुण्यात आपण मेलो, तर त्याला आपला काय इलाज?

एका भाकरीत पाखरं जेवून जेवून किती जेवणार. पण तिच्यावरून भांडायला उत्तमरावांच्या शेतातली सगळी जमत आणि दिवस मावळेपर्यंत भांडत. ज्वारी खायला कुणाला सवडच उरेना.

शेजारच्या फुलसिंगाची कणसं भुंडी झाली, उत्तमरावांची भरलेली राहिली. उत्तमरावांनी शेताला चक्कर मारली, माळ्याकडे पाहिलं, दगडोबा खोकला, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. "पाखरं खोकल्याला भेतात!" त्यांनी गावात सांगितलं. गावाला ते बराबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी फुलसिंग वीस पावलांवर येऊन उभा राहिला. तोंडावर पटक्याचा पदर.

"दगडोबा, चार दिवस माझ्या माळ्यावर खोक की. दूध लावून देतो."

"वा रे वा!" मागून उत्तमराव ओरडले. "माणूस माझा, खोकला बी माझा."

"वारं तर कुणाच्या बापाचं न्हाई ना? इकडं तोंड करून खोकंल तो."

शेवटी सकाळी उत्तमरावांकडे तोंड आणि दुपारी फुलसिंगाकडे, असं ठरलं. दगडोबाला कुणी विचारलं नाही. वर्षभरात त्याच्या तब्येतीची चौकशी कुणी केली नव्हती. आता रोज सकाळी माणसं लांबून विचारून जात, खोकला हाय ना? कमी तर झाला न्हाई ना? ती गेली की माळ्यावर आधीपेक्षा जास्त शांत वाटे.

एका दुपारी धुरपताबाई विसरलेलं फडकं न्यायला अर्ध्या वाटेवरून परत आली. बाभळीखाली दगडोबा भाकर कुस्करत होता. भोवती राघूंचा बाजार.

"दगड्या! काय करून राहिला हे?"

"पाखरायला घालतो, आक्का. पुण्य हाय."

"किती दिस झाले?"

"नऊ."

ती बांधावर बसली. बसली तीही वीस पावलांवरच, सवयीनं.

"अन् मी रोज येऊन बोलते ते?"

ती रोज काहीतरी बोलत असे खरी. पण दगडोबा वर कान लावून बसलेला, खालचं त्याला ऐकू आलंच नव्हतं.

"घरात बारा माणसं," ती म्हणाली. "धनी गेल्यापासून एक जण बोलत न्हाई माझ्याशी. चुलीशी बोलते मी. भावाला भाकर देऊन येते म्हटलं, तेवढंच सोडतात. तू मेला तर काय सांगून बाहेर पडू?"

"दुसऱ्या कुणाला भाकर नेत जा."

"दुसरं कोण मरून राहिलंय हट्ट्यात? सगळे ठणठणीत हायत मेले!"

हे खरं होतं. दगडोबानं सगळं गाव मनात फिरून पाहिलं. ह्या कामाला दुसरा माणूस नव्हता. काम फार लहान होतं, साहेबांना सांगायला लाज वाटावी इतकं. जगायचं, दुपारी जागं राहायचं आणि ऐकायचं. पण उत्तर रोज दुपारी भाकरीबरोबर येत होतं, आणि आपण ते राघूंना चारत होतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं.

हातात निम्मी भाकर उरली होती. त्यानं घास तोंडात घातला. गिळताना घशात काटा टोचल्यासारखं झालं. ज्वारीचं खळं होईल तेव्हा आपण नसू, हे त्याला कळत होतं. पण खळ्याला अजून महिना होता, आणि महिन्यात तीस दुपारी.

पाखरांनी जरा वेळ वाट पाहिली. मग थवाच्या थवा उठून ज्वारीत शिरला.

"दगडोबा!" लांबून उत्तमराव बोंबलले. "खोक रे! गप काहून बसला?"

"थांबा मालक," तो भरल्या तोंडानं म्हणाला, "जेवून राहिलो." मग बहिणीकडे वळून, "बोल, आक्का. ऐकून राहिलो."

खरंच कुणी ऐकतंय म्हटल्यावर धुरपताबाईला काय बोलावं ते सुचेना. तिनं पदर सारखा केला, फडक्याची घडी घातली, मोडली.

"भाकर करपली व्हती का?"

"व्हय. उलीशी."

"ती काहून करपली ते सांगते," ती म्हणाली, आणि दोन पावलं पुढं सरकून बसली.