हवा वजा करून

आमचे बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी तराजूंवर संशय घेतला आणि निवृत्त होताना तो संशय घरी आणला. काही माणसं ताकही फुंकून पितात. बाबा आधी फुंकर मोजतात.

आई कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिच्या ताब्यात एकशे बारा मासे होते, सगळे बरण्यांमध्ये, सगळे मेलेले. अठ्ठावीस वर्षं तिने त्यांच्यावरची धूळ पुसली आणि सुटलेल्या चिठ्ठ्या पुन्हा चिकटवल्या. निरोपसमारंभात कुणीतरी विचारलं, आता पुढे काय? ती म्हणाली, "एखादा जिवंत बघेन म्हणते." लोक हसले. ती विनोद करत नव्हती. घरात काचेची टाकी आणू का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "काचेतून पुष्कळ बघितले."

म्हणून आम्ही तिघं समुद्रावर आलो. मोसमातली शेवटची होडी साडेदहाची होती आणि दुपारी आमची परतीची गाडी. आईबाबा दोघांनाही पोहता येत नाही. मला येतं, पण आमच्याकडे ते कौशल्य मानत नाहीत, बेफिकिरी मानतात.

धक्क्याजवळच्या दुकानात रबराचा वास कोंडला होता. दुकानवालीने चष्मा वर सरकवत विचारलं, "पाण्यात काय बघायचंय?"

"मासे," आई म्हणाली.

"बाहेर यायची शिडी," बाबा म्हणाले.

तिने एक पातळ, चपटी बंडी टेबलावर ठेवली. "मग दोघांनाही ही. या नळीतून हवी तेवढी हवा भरायची. अर्धी भरली की माणूस निवांत पालथा तरंगतो, तोंड पाण्यात. भीती वाटली तर आणखी दोन फुंका मारा. आणि हा फोमचा दांडका काखेखाली घ्या, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत."

"आणि ते?" बाबांनी भिंतीवरच्या केशरी जाकिटाकडे बोट दाखवलं. विटांसारखे ठोकळे आणि मागे उशीएवढी कॉलर.

"ते होडी बुडाली तर."

"म्हणजे जास्त चांगलं."

"काका, ते बेशुद्ध माणसालाही उताणं करतं. तोंड कायम वर."

"बघ," बाबा आईला म्हणाले, "बेशुद्ध माणसालासुद्धा!"

मग त्यांनी चाचणी मागितली. मास्क धुवायचं पिंप पुढे ओढलं, पाणबुडे कमरेला बांधतात ती शिशाची वजनं मागवली.

"हा एक किलो नक्की एक किलो आहे ना?"

"पाण्याखाली अजून कुणी तक्रार केली नाही."

केशरी जाकिटाने आठ किलो पेललं. बाबांच्या चेहऱ्यावर पूर्वी फक्त प्रामाणिक किराणा दुकानदार बघून येई ती माया आली. दुकानवाली बंडीत हवा भरायला लागली, तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा. हवा धरायची नाही."

"म्हणजे?"

"हवा ग्राहकाची. तुमचा माल स्वतः किती तरंगतो ते बघू. निव्वळ."

रिकामी बंडी पहिल्याच किलोला पिंपाच्या तळाशी गेली.

"नापास," बाबा म्हणाले.

दुकानवालीने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं. हा आमच्या घरातला जुना उपाय आहे.

"अहो, बुडत्याला काडीचाही आधार असतो म्हणतात," आईने प्रयत्न केला.

"किती किलोची काडी?"

केशरी जाकीट दुकानात एकच होतं. बाबांनी ते स्वतःच्या हातांनी आईच्या अंगावर आवळलं आणि म्हणाले, "तू हे घाल. नापास मी घालतो." उभ्या नोकरीत त्यांनी नापास माल पहिल्यांदाच वापरात आणला होता, तोही प्रेमापोटी. दुकानवालीने बंडीत गुपचूप हवा भरली. मी दांडका उचलला.

होडीवाल्याने खडकांजवळ नांगर टाकला आणि सांगितलं, "पाऊण तास. शिट्टी वाजली की वर."

आई शिडीवरून उतरली, मास्क लावला, श्वास घ्यायची नळी तोंडात धरली, पाण्यावर झुकली, आणि जाकिटाने तिला अलगद उताणं केलं. ती जोर लावून वळली. जाकिटाने पुन्हा उताणं केलं. चौथ्या खेपेला तिने नळी काढली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"ढग," आई म्हणाली. "मघाशी एक पक्षी गेला."

बाबांनी शिडी सोडली आणि त्यांचं तोंड आपोआप पाण्यात गेलं. बराच वेळ वर आलं नाही. मी त्यांच्याकडे निघणार, एवढ्यात ते ओरडत उठले. "अगं! पिवळा! काळे पट्टे! अंदाजे दोनशे ग्रॅम!"

पुन्हा खाली. पुन्हा वर. "निळे! अख्खा थवा!"

"शेपटी कशी आहे?" आईने आभाळाला विचारलं. "दुभंगलेली की गोल?"

"थांब हं." खाली, वर. "सांगता येत नाही. सारखी हलतेय."

"हलणारच," आई म्हणाली. "जिवंत आहे ना."

बाबा तिला माशांचे आकडे पुरवत राहिले.

"वीस मिनिटं राहिली!" होडीवाला ओरडला.

"अहो, वर चला," आई म्हणाली. "बदलायचं."

"आत्ता? खालून एक मोठा येतोय." बाबांनी खाली बघितलं, मग आईकडे. ती पाठीवर पडून लाटेसरशी वरखाली होत होती, मास्क कपाळावर, डोळे लाल. "पण हे नापास आहे गं," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही बुडलात का?"

"अजून तरी नाही."

"मग द्या."

मी दोघांना शिडीपाशी ओढत नेलं. पट्टे सोडण्यात आणि आवळण्यात सहा मिनिटं गेली. आई उतरली, मी दांडका तिच्या काखेखाली सरकवला, बंडीतली थोडी हवा सोडली. तिने श्वास घेतला आणि तोंड पाण्यात घातलं. वर उरला फक्त पांढरा अंबाडा आणि नळीचं टोक.

नळीतून आधी भराभरा श्वास येत होते. मग सावकाश.

बाबा शेजारी आभाळाकडे तोंड करून तरंगत होते. दोन बोटांनी त्यांनी तिच्या बंडीचा पट्टा धरला होता.

"काय दिसतंय गं?"

आईने एक हात पुढे केला, कशाला तरी लावायला, आणि न लावताच मागे घेतला.

शिट्टी वाजली. अंबाडा हलला नाही. शिट्टी पुन्हा वाजली, लांबलचक.

"काका!" होडीवाला ओरडला. "बाईंना ऐकू येत नसेल. जरा हलवा त्यांना!"

बाबांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. त्यांनी कान कॉलरमध्ये आणखी आत घातले, डोळे मिटले आणि बेशुद्ध माणसाने तरंगावं तसे तरंगत राहिले.